एका दमातल्या गप्पा

पिशोरचा बन्सी चढाईला निघाला की समोरचे सातही जण देवाचं नाव घेत. एका दमात कबड्डी-कबड्डी म्हणत तो त्यांच्या अंगणात मनसोक्त हिंडून यायचा. पण करोनानं त्याला असं काही लोळवलं, की बरा झाल्यावरही विहिरीवरून घरी येताना त्याला मध्येच टेकावं लागे. त्यात खुलताबादशी सामना ठरला आणि बन्सीच्या जागी त्याचा मेहुणा सांडू खेळणार, अशी कुजबुज सुरू झाली. ती मात्र त्याला तापापेक्षा जास्त झोंबली.

आजारातून उठलेल्या खेळाडूंना तपासायला शहरातून डॉक्टर पद्मजा मॅडम आल्या. त्यांची परीक्षा सोपी होती.

"माझ्यासोबत भरभर चाला आणि बोलत राहा. बोलताना धाप लागली, तर सामना नाही."

बन्सी मास्कच्या आत हसला. त्यानं छाती भरून घेतली आणि निघाला. "मॅडम औंदा मका लई बेस हाय आमची म्हैस व्याली सरपंचाचा बोअर आटला द्वारकाबाईची सून माहेरी गेली..." गावातली एकही भानगड त्यानं सोडली नाही. मॅडम खूश. बन्सीचे कान मात्र वांग्यासारखे जांभळे झाले होते.

मागून येणारी त्याची बायको चतुराबाई शेवटी म्हणाली, "मॅडम, ह्ये बोलायले नाईत, खेळायलेत. मघापासून एकदा बी श्वास घेतला नाय."

मॅडम थबकल्या. आजवर त्यांनी धावपटू तपासले होते, क्रिकेटवाले तपासले होते. श्वास न घेता गप्पा मारणारा गडी पहिल्यांदाच भेटला होता.

"आता मी बोलते," त्या म्हणाल्या. "तुम्ही नुसतं ऐकत चला."

बन्सी मुकाट चालू लागला आणि त्याच्या छातीचा भाता सगळ्यांना ऐकू आला. थोडं पुढं जाऊन तो बांधावर मटकन बसला.

"हा सामना तुम्ही खेळायचा नाही. रोज थोडं चाला, दम लागला की थांबा. लपवू मात्र नका," मॅडम म्हणाल्या.

बन्सीच्या डोळ्यांत पाणी आलं. "दमच गेला, तर माझ्यात उरलं काय, मॅडम?"

चतुराबाईनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं धरला. "लगीन झाल्यापासून घरात दोन शब्दांच्या वर बोलला नाय तुमी. आज कळलं, गावभरची खबर पोटात घेऊन फिरता. उद्यापासून मी येते चालायला. बोला माझ्याशी, पण श्वास घेऊन."

बन्सीनं श्वास घेतला, चांगला भरपूर घेतला. मग तो बायकोकडं बघत राहिला, आणि काय बोलावं ते त्याला काही केल्या सुचेना.