तिसऱ्या मजल्यावरचं समाधान

हॉलमध्ये चाळीसेक माणसं एकदम खाली वाकली, पायाच्या अंगठ्यांना हात लावले आणि कुठेही 'आई गं' न म्हणता सरळ झाली. मग टाळ्यांचा कडकडाट. दोन वर्षांपूर्वी या सगळ्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं, आणि त्याच्याही आधी मणकेकाकांनी प्रत्येकाला चिठ्ठी लिहून दिली होती : 'दोन वर्षांनी समाधान.' आता एकेक जण उठून ती चिठ्ठी उंच धरत होता. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तर दहा उठाबशा काढून दाखवल्या. शपथेला म्हणून एकाचीही चिठ्ठी चुकली नव्हती.

मणकेकाका डॉक्टर नव्हते, फक्त पांढरा कोट घालायचे. माणसाला पालथं झोपवून त्याच्या कमरेवर दोऱ्याला बांधलेलं खिशातलं घड्याळ झुलवायचे आणि ऑपरेशननंतर 'समाधान' की 'असमाधान' ते चिठ्ठीवर लिहून द्यायचे.

"सर्जन हाडं बघतो, मी हाडांचं मन बघतो," ते माईकवर सांगत होते. "चौथा मणका रुसला की पाचवा त्याची समजूत काढतो. पाचवाही रुसला, तर सर्जनचा बाप आला तरी समाधान नाही."

मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दोर, पुली आणि ब्रेक यांच्याशिवाय काही वर-खाली होतं यावर माझा विश्वास नाही. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मीही गप्प बसलो. चाळीस माणसांच्या चाळीस कंबरा मी डोळ्यांनी बघितल्या होत्या.

आणि माझी ताई खाली बाकावर बसली होती, तिच्या पर्समध्ये 'असमाधान'ची चिठ्ठी होती.

ताई पडदे शिवते. चार महिने कमरेतून पायात कळ जात होती, ती दात-ओठ खाऊन सोसत राहिली. गेल्या तीन आठवड्यांत उजवा पंजाच उचलेना. पेडलवरून पाय वेळेवर निघत नसे, मशीन पुढे पळायचं आणि शिवण वाकडी जायची. सर्जन म्हणाले, "नस दबली आहे. ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचा पाय सुधारतो, कंबर थोडी दुखत राहू शकते. तुमचं नेमकं काय होईल ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण जितका उशीर, तितकी पंजा परत येण्याची आशा कमी." सोमवारची तारीख मिळाली होती. आज रविवार.

"डॉक्टरला स्वतःलाच माहीत नाही आणि काकांना पक्कं माहीत आहे," ताईचं म्हणणं. "मग मी कोणाचं ऐकू?"

दाजींनी समजावून पाहिलं, मी भांडून पाहिलं. शेवटी ती म्हणाली, "काकांना एकदा विचार, घड्याळ पुन्हा झुलवतील का. नाही म्हणाले तर मी उद्याची तारीख रद्द करणार."

टाळ्या थांबल्यावर मी काकांना गाठलं.

"घड्याळ एकदाच बोलतं," ते म्हणाले. "बाईंना सांगा, कमरेला सुरी लावू नका."

मी जिना उतरलो. तीन मजले उतरताना मनात शिव्या देत होतो, पण कोणाला द्यायच्या तेच कळत नव्हतं.

खाली लिफ्टच्या दाराशेजारी पाटी होती : 'लिफ्ट बंद आहे. जिन्याने यावे.' वर जाताना मी ती वाचली होती, आता जरा नीट बघितली. पाटी पत्र्याची होती, रंगवून घेतलेली. लिफ्ट बिघडली तर माणसं कागद चिकटवतात. रंगारी बोलावून पाटी करून घेतात, म्हणजे बिघाड ठरलेला असतो.

"कधीपासून बंद आहे?" मी पहारेकऱ्याला विचारलं.

"बंद कुठली? महिन्यातून एकदा, मेळाव्याच्या दिवशी. काका वर गेले की मला चावी फिरवायला सांगतात. म्हणतात, पायरी-पायरीने श्रद्धा चढते."

"काका स्वतः कसे जातात?"

"लिफ्टने."

मी बाकाकडे वळलो. ताईच्या आजूबाजूला सहा-सात जण बसले होते. कोणी भिंतीला टेकलेलं, कोणी काठीवर हनुवटी ठेवून. एक बेकरीवाला दोन्ही हातांनी बाक धरून बसला होता. त्याच्या खिशातून चिठ्ठी डोकावत होती.

"कसली चिठ्ठी?" मी विचारलं.

"समाधानाची," तो ओशाळून म्हणाला. "ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गेली, मेळाव्याला तिसऱ्यांदा आलोय. जिना चढवत नाही. माझ्याच मनात शंका आली असेल, म्हणून दुखतंय."

एकेकाला विचारलं. सगळ्यांकडे 'समाधान', आणि कोणालाही धड उभं राहता येत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपणच तेवढे करंटे. फक्त एक बसड्रायव्हर ताठ उभा होता. तो बायकोला घेऊन आला होता.

"हिला समाधान मिळालं, ती ही अशी बसली आहे," तो म्हणाला. "मला असमाधान मिळालं होतं. उभं राहवत नव्हतं म्हणून तरीही ऑपरेशन केलं. आता बरा आहे."

ताईने मान वर केली.

"मग वर जाऊन सांगत का नाही?" मी विचारलं.

"असमाधानवाल्यांना बोलावणंच नसतं."

पहारेकरी खळखळ करत होता, पण चावी त्यानेच फिरवली. लिफ्ट छान चालत होती. दोन फेऱ्यांत सगळा बाक वर नेला, ताईसकट. दार उघडलं तेव्हा काकांचं भाषण चालू होतं. आम्हाला बघून ते थांबले आणि माईकवरच म्हणाले, "लिफ्ट कोणी सुरू केली?"

झालं. बेकरीवाल्याला बघून दुसरा एखादा निदान 'कसे आहात' म्हणाला असता.

बेकरीवाल्याने भिंतीचा आधार घेत चिठ्ठी वर केली. "काका, हे माझं समाधान."

"यांनी शंका घेतली," काकांनी स्वतःला सावरलं. "शंका घेतली की मणका रुसतो."

"मी तर तुमच्या सांगण्यावर फक्त शंकाच घेतली," ड्रायव्हर म्हणाला. "माझा का नाही रुसला?"

हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं. शिक्षिकाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या लिफ्टकडे बघत होत्या, मग चाळीस खुर्च्यांकडे, मग स्वतःच्या चिठ्ठीकडे.

"ज्यांना तीन मजले चढता येतात तेच इथे आले," त्या सावकाश म्हणाल्या. "मग सगळे बरे झालेलेच असणार. पोहता येणाऱ्यांनाच पलीकडच्या काठावर बोलवायचं आणि म्हणायचं, बघा, या नदीत कोणी बुडत नाही. आणि मी मूर्खासारख्या उठाबशा काढत होते."

त्यांनी चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये टाकली. काकांना तेवढ्यात महत्त्वाचं काम आठवलं. ते निघाले, आणि लिफ्टनेच गेले.

"म्हणजे माझीही चिठ्ठी खोटी?" ताईने विचारलं.

"खरी की खोटी हे कोणालाच माहीत नाही, ताई. त्यालाही नाही."

ती आपल्या उजव्या पायाकडे बघत होती. मग म्हणाली, "डॉक्टर 'माहीत नाही' म्हणाले, म्हणजे तेच खरं बोलले." सोमवारी सकाळी सातला ती हॉस्पिटलच्या दारात माझ्याआधी हजर होती.

याला दोन वर्षं झाली. परवा ती मशीनवर पडदा शिवत असताना मुद्दाम विचारलं, "काय ताई, समाधान की असमाधान?"

"बसून बसून कंबर धरते, पाऊस-थंडीत कुरकुर करते. पण पाय उचलतो," ती म्हणाली. "एका शब्दात सांगायला मी काय मणकेकाका आहे?"

एवढंच सांगायचं आहे. कोणी चाळीस बरे झालेले दाखवले, तर त्यांना खोटं म्हणू नका, ते खरेच असतात. फक्त जिना उतरून खाली या आणि जे आले नाहीत त्यांना मोजा. आणि जो 'मला नक्की माहीत नाही' म्हणतो त्याच्यापासून पळू नका, त्याने बहुधा मोजलेलं असतं.

त्या दिवशी बोलता बोलता ताई पडद्याच्या कडेपर्यंत आली होती. तिने पेडलवरून पाय उचलला. मशीन जिथे थांबायला हवं होतं, तिथेच थांबलं.