कडेला जळालेल्या व्हॉल्व्हची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्ह आहे. मोटारसायकलच्या इंजिनातून जळका धूर बाहेर सोडणारं एक दार असतं, ते दार म्हणजे मी. लांब दांडी आणि खाली बशीसारखं गोल डोकं, एवढाच माझा देह. त्या डोक्याची कड आता एका बाजूने गेली आहे, उंदराने पुस्तकाचा कोपरा कुरतडावा तशी. बघून तोंड वाकडं करू नका. या गोष्टीत तोंड वाकडं करण्याचा हक्क फक्त माझा आहे, आणि तो मी भरपूर बजावणार आहे.

माझा जन्म चांगल्या पोलादातून झाला. लालबुंद सळई ठोकून मला आकार दिला, मग घासून असा चकचकीत केला की माझ्यात चेहरा दिसावा. तेलकट कागदात गुंडाळून मी एका गॅरेजात आलो, तेव्हा स्वतःवर खूश होतो. कामाला लागलो आणि पहिल्याच दिवशी शिसारी आली. माझ्या शेजारचा व्हॉल्व्ह हवा आत घेतो, त्यामुळे तो दिवसभर ताज्या हवेत न्हातो. माझ्या वाट्याला मात्र धूर, काजळी आणि करपलेल्या तेलाचा चिकट थर. कुणाच्या नशिबी काय येईल, सांगता येत नाही.

एक माणूस मात्र मला आवडायचा. गॅरेजचे म्हातारे मिस्त्री. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मला इंजिनात बसवलं ते त्यांनीच. कडेला बारीक दाणेदार मलम लावायचं, काठीच्या रबरी टोकाला मला चिकटवायचं आणि दोन्ही तळव्यांत काठी घुसळत मला माझ्या बैठकीवर, म्हणजे दाराच्या चौकटीवर, फिरवायचं. तासभर ते हेच करत राहिले. शेवटी मी बैठकीवर असा बसलो की पेट्रोलचा थेंबसुद्धा मधून गेला नाही. अण्णांना घाणीची माझ्याइतकीच किळस होती. मळक्या फडक्याने कुणी इंजिन पुसलं, तर ते फडकं दोन बोटांत धरून बाहेर फेकत. तेल गळू नये म्हणून जोडांवर लावायची चिकट राखाडी पेस्ट कुणी जास्त वापरली, की म्हणत, "हे काय, नाक शिंकरून ठेवलंय का इंजिनात?"

आमची गाडी एका परिचारिकेची होती. तिला सगळे सिस्टर म्हणत. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती जखमा धुवायची आणि पट्ट्या बदलायची. तिची बरीचशी घरं टेकडीवर होती. सहा वर्षं मी तिला त्या चढावर पोचवलं. घाण खाल्ली, पण कामात कसूर केली नाही.

आता माझ्या कामातली एक गोष्ट नीट समजून घ्या. माझ्या दांडीच्या वरच्या टोकाशी रॉकर नावाचा एक छोटा हात असतो. तो मला दाबतो, मी उघडतो. तो सोडतो, मी मिटतो. त्याच्या आणि माझ्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते, कारण तापलो की मी लांबतो. फट नसेल तर दार पूर्ण लागत नाही. आणि दार लागलं तरच माझ्या अंगातली उष्णता बैठकीत उतरते. एरवी मी भाजून निघतो.

मागच्या वर्षी वरच्या झाकणातून तेल पाझरू लागलं, म्हणून ते उघडून पुन्हा बंद करण्यात आलं. मी खाली माझ्या जागी होतो, मला काही दिसलं नाही. पण त्यानंतर वरून येणारं तेल जवळजवळ बंद झालं. बिचारा रॉकर कोरडा झिजू लागला, फट वाढली आणि टकटक सुरू झाली. मित्रांनो, ती टकटक म्हणजे आमचा आरडाओरडा होता. आम्हाला दुसरं काय बोलता येतं?

सिस्टर गाडी घेऊन गॅरेजात आली. अण्णा त्या दिवशी घरी होते. त्यांच्या मुलाने, म्हणजे धाकट्या मिस्त्रींनी, गाडी उभी केली, कान दिला आणि म्हणाले, "टॅपेट वाजतायत, रॉकरची फट वाढलीय. पाच मिनिटांचं काम." इंजिन गार होऊ न देता त्यांनी फटीचा स्क्रू आवळला. फट मोजायच्या पोलादी पात्या खिशात होत्या, पण त्या काढायचे कष्ट कोण घेणार? टकटक थांबेपर्यंत आवळत गेले. थांबली. "बघा, कसं गप्प केलं!" म्हणाले आणि हात पुसले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! मला इतकी किळस आली, की त्या क्षणी मला काजळीसुद्धा सोज्वळ वाटली.

पुढे व्हायचं तेच झालं. माझं दार किलकिलं राहू लागलं. दर फेरीला आगीची जीभ माझ्या कडेवरून जाई. गाडी गरम असताना किक मारून मारून सिस्टर थकायची. सायलेन्सरमधून फटफट आवाज यायचे. शेवटी एका दुपारी चढावर ताकदच संपली आणि गाडी थांबली. सिस्टरने ती ढकलत खाली गॅरेजात आणली.

या वेळी अण्णा हजर होते. त्यांनी इंजिनातला दाब मोजला, फारच कमी भरला. मग आत चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजला. दाब वाढला नाही. "पिस्टनच्या रिंगा चांगल्या आहेत, नाहीतर तेलाने दाब वाढला असता," ते म्हणाले, "गळती व्हॉल्व्हकडून आहे." इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवून उलटं ठेवलं आणि माझ्या दारामागे पेट्रोल ओतलं. ते माझ्या कडेवरून झिरपत खाली आलं. मला बाहेर काढलं, तेव्हा माझी लाज चारचौघांत उघडी पडली.

"माल हलका, दुसरं काय," धाकटे मिस्त्री म्हणाले. "नवा टाकतो. संध्याकाळपर्यंत गाडी देऊ."

हलका माल! नाचता येईना अंगण वाकडं, ते हेच. पण अपमानापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीने धडकी भरली. नवा व्हॉल्व्ह कोऱ्या कागदात शेजारीच होता. तेल येत नसताना तो बसवला, तर सहा महिन्यांत त्याचीही कड जळणार आणि सिस्टर पुन्हा त्याच चढावर अडकणार. मी ट्रेमध्ये पडून तळमळत होतो. माझं कोण ऐकणार?

अण्णांनी मला उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं. "जळला ते दिसतंय. पण का जळला?"

"अण्णा, आता ते कशाला?"

"कशाला म्हणजे? कारण सापडल्याशिवाय मी हेड बांधू देणार नाही."

त्यांनी रॉकरवर बोट फिरवलं. खड्डे पडले होते, रंग निळसर झाला होता. "कोरडा आहे हा. इथे तेलच आलेलं नाही." मुलाने तेलाच्या वाटेत हवा मारली. हवा पलीकडे निघेना. तेव्हा त्याने झाकणाच्या जोडाजवळच्या भोकात तार घातली आणि ओढली. भोकातून आणि कडेवरून राखाडी, वाळलेला, रबरी गोळा सुटून आला. शी! शेंबूडच तो. ओळखीची पेस्ट, बोटभर जाडीची.

धाकट्या मिस्त्रींनी गोळा उलटा केला. गोळ्याच्या चपट्या बाजूवर अंगठ्याचा ठसा उमटला होता, आणि ठशाच्या मधोमध आडवी रेघ होती. साखळीत सापडून अण्णांच्या उजव्या अंगठ्याला झालेला तो आडवा व्रण सगळं गॅरेज ओळखतं. मुलाने गोळा झटकन मुठीत मिटला.

मित्रांनो, मी थिजलो. इतका वेळ मी ज्या पोराला शिव्या घालत होतो, त्याने फक्त माझं तोंड दाबलं होतं. तेलाच्या घशात घास अडकवला होता तो माझ्या लाडक्या अण्णांनी.

तेवढ्यात सिस्टर दारात आली. "सापडलं का काही? गाडी बंद पडली त्या दिवशी मी दोन तास उशिरा पोचले. टेकडीवरचे एक आजोबा जखम उघडी ठेवून तसेच बसले होते. गाडीचा भरवसा नसेल तर मला तसं सांगा."

"व्हॉल्व्ह कच्चा निघाला, सिस्टर," मुलगा घाईने म्हणाला. मूठ पाठीमागे होती.

मला संताप आला. चोर सोडून संन्याशाला फाशी! पण तो कुणाला झाकतोय हे मला दिसत होतं, आणि त्यामुळे रागही धड करता येईना.

"हात पुढे कर," अण्णा म्हणाले.

"अण्णा, जाऊ द्या ना."

"पुढे कर म्हणतो ना."

गोळा त्यांनी आपल्या तळहातावर घेतला. डोळ्यांजवळ नेला, आणखी जवळ नेला, शेवटी अंगठ्यानेच चाचपून पाहिला. मग त्यांचा चेहरा असा झाला, की तशी किळस मी आयुष्यात पाहिली नाही. फडक्याची नाही, पेस्टची नाही. स्वतःची.

"व्हॉल्व्ह कच्चा नव्हता, सिस्टर. पेस्ट मी लावली होती. तेलाचं भोक बुजवलं ते मी. मला आता ते भोक दिसत नाही. वर्ष झालं. कुणाला सांगितलं नाही."

"सांगायला हवं होतं, अण्णा," एवढंच सिस्टर म्हणाली.

"आणि आवाज मी दाबला," मुलगा खाली मान घालून म्हणाला. "न मोजता."

मग दोघांनी मिळून काम केलं. मुलाने प्रत्येक भोकातून तार आणि हवा घातली, नवा व्हॉल्व्ह आणि नवा रॉकर बसवला, रॉकरला हलवणारा कॅम उजेडात फिरवून फिरवून तपासला. झाकण लावण्याआधी किक मारून वर तेल येतं की नाही ते बघितलं. सोनेरी तेल आलं. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर त्याने पाती घालून फट मोजली. अण्णा शेजारी स्टुलावर बसून नुसते ऐकत होते. पेस्टची ट्यूब त्यांनी स्वतःहून मुलाकडे दिली होती.

गाडी सुरू झाली. "थोडी टकटक येतेय," सिस्टर म्हणाली. मुलाचा हात पान्याकडे गेला.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "तेवढा आवाज हवाच. तो बंद झाला की लगेच मला सांगा."

मी भंगाराच्या डब्यातून हे ऐकलं. डब्यात गंज आहे, सडकं ग्रीस आहे, शेजारी कुणी अर्धा चावलेला बिस्किटाचा तुकडा टाकला आहे. मित्रांनो, किळस अजूनही येते. पण तुमच्याकडे एकच मागणं आहे. यंत्र कुरकुरलं तर त्याचं तोंड दाबू नका, ते कशाला कुरकुरतंय ते आधी विचारा. आणि एखाद्या दिवशी तुम्हालाच भोक दिसेनासं झालं, तर त्याच दिवशी सांगून टाका. अण्णांना ते सांगायला एक वर्ष लागलं, आणि त्या वर्षात मी जळलो.