मुखपृष्ठावरच्या चादरी

चित्रांच्या हक्कांवरून ताईशी कुणी वाद घालू नये. घालायचाच असेल तर आधी पोटभर जेवून घ्यावं, कारण एकदा धरलं की ती सोडत नाही. एका बिस्किटवाल्या कंपनीनं तिचं बदकांचं चित्र न विचारता डब्यांवर छापलं होतं. कंपनीचे साहेब म्हणाले, "अहो बाई, मूळ चित्र आमच्या मालकांनी पैसे मोजून घेतलंय!" ताई म्हणाली, "मग लावा की भिंतीवर, कोण नको म्हणतंय? मी चित्र विकलं. त्याची छबी नाही विकली. छापायचं तर मला विचारायचं, आणि मी नाही म्हटलं तर गप्प बसायचं." साहेबांनी आधी हसण्यावारी नेलं. शेवटी सगळे डबे दुकानांतून परत मागवावे लागले, आणि साहेबांनी म्हणे बदकांचा धसकाच घेतला.

तर अशा ताईला एका सकाळी लिलावघरातून फोन आला. तिचं एक फार जुनं चित्र पुन्हा विक्रीला आलं होतं. पुन्हा विकलं गेलं की किमतीतला ठरावीक वाटा चित्रकाराला द्यायचा असा कायदा होता, आणि त्या वाट्यासाठी ताईची सही हवी होती. शिवाय तेच चित्र कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर छापायचं होतं, त्यासाठी परवानगी हवी होती. "तुमच्या सुरुवातीच्या काळातलं सगळ्यात उत्तम काम आहे हे," फोनवरच्या बाई म्हणाल्या. ताईनं मान डोलावली. फोनवर मान डोलावलेली दिसत नाही, पण तिला कोण सांगणार!

मागाहून आलेला फोटो टपाल तिकिटाएवढा होता. गच्चीवर तारेला वाळत घातलेल्या चादरी, आणि कोपऱ्यात ताईचं नाव. हे कधी काढलं ते तिला काही केल्या आठवेना. पण आयुष्यभर इतकी चित्रं हातून गेली होती की एखादं निसटायचंच. आणि मुखपृष्ठ म्हटल्यावर आठवायची गरज तरी काय?

"तू पण चल," तिनं धाकट्या बहिणीला सांगितलं.

धाकटी शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाली होती. रोज दुपारी ती ताईच्या स्टुडिओत चहाला यायची, खिडकीपाशी बसून कुणाकुणाचे उसवलेले कपडे शिवायची आणि ताईची बडबड ऐकायची. "मला कशाला नेतेस? मला त्यातलं काय कळतंय?" ती म्हणाली.

"कळायचं काय त्यात? मुखपृष्ठावर येतेय मी! कौतुक करायला घरचं कुणीतरी नको?"

धाकटी आली, पण वाटेत एक अक्षर बोलली नाही. ताई दोघींच्या वाटचं बोलत होती, त्यामुळे तिच्या ते लक्षातही आलं नाही.

लिलावघरातल्या बाई चटपटीत होत्या. त्यांनी दोघींना मागच्या खोलीत नेलं. चित्र फ्रेमबाहेर काढून मोठ्या टेबलावर ठेवलं होतं आणि वर दिव्याचा पांढरा झोत होता. ताई ऐटीत पुढं झाली, चष्मा नाकावर सारखा केला, वाकली. आणि तिथंच थबकली.

त्या पांढऱ्या चादरींत पांढरा रंग जवळपास नव्हताच. राखाडी होता, फिकट गुलाबी होता, घडीच्या आतल्या बाजूला हिरव्याची जेमतेम चाहूल होती. ओल्या कापडाचं वजन दिसत होतं. एक चादर वाऱ्यानं उचलली होती, आणि ती आता खाली येणार हे बघणाऱ्याला कळत होतं. ताईचा पांढरा ट्यूबमधून सरळ कॅनव्हासवर यायचा, वर निळ्याचं एक बोट. आयुष्यभर ती तसंच करत आली होती, आणि आयुष्यभर तिच्या भांड्यांचे, बगळ्यांचे, कपड्यांचे पांढरे रंग चुन्यासारखे कोरडे दिसत आले होते. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला मात्र पक्कं माहीत होतं.

हे चित्र तिचं नव्हतं.

"सही तुमच्या त्या काळातल्या सगळ्या चित्रांशी आम्ही ताडून पाहिली," बाई म्हणाल्या. "तंतोतंत जुळते. शंकेला जागाच नाही."

जुळणारच! ताईचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ब्रशनं सही करायला गेली की चांगल्या चित्राचा कोपरा बरबटायचा. म्हणून त्या काळात तिच्या सगळ्या चित्रांवर तिचं नाव धाकटीच लिहायची, बारीक ब्रशनं, श्वास रोखून. घरातली ती साधी सोय होती. धाकटी लग्न होऊन गेली तेव्हा कुठं ताई झक मारत स्वतः सही करायला शिकली.

ताईनं वळून पाहिलं. धाकटी भिंतीवरच्या आग विझवायच्या यंत्रावरच्या सूचना मोठ्या अभ्यासानं वाचत होती.

"आम्ही जरा बाहेर जाऊन येतो," ताई बाईंना म्हणाली. तिनं बहिणीचं मनगट धरलं आणि तिला कॉरिडॉरमध्ये आणलं.

"बोल."

"काय बोलू?"

"जास्त शहाणपणा करू नकोस. कधी काढलंस ते?"

धाकटीनं पर्सचा बंद दोनदा गुंडाळला. "तुझ्या पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी. तू टायफॉइडनं अंथरुणाला खिळलेली. चित्रं मीच नेली, मीच टांगली. तुझं ते मोठं चित्र वाळलंच नव्हतं, बोट लावलं की रंग निघायचा. भिंतीवर एक खिळा रिकामा राहिला. तो इतका वाईट दिसत होता, ताई! मग तुझ्या नकळत काढलेलं माझं एक नेऊन लावलं."

"आणि माझं नाव घातलंस."

"प्रदर्शन तुझं होतं. माझं नाव कुठून घालू? वाटलं, चार दिवस भिंतीवर बघीन आणि गुपचूप घरी आणीन. तर मेलं पहिल्याच दिवशी विकलं गेलं. सगळ्यात आधी."

ताईला आठवलं. अंथरुणात तिला निरोप मिळाला होता की पहिलं चित्र लगेच गेलं, आणि ती तापातसुद्धा उठून बसली होती. कुठलं गेलं हे तिनं विचारलंही नव्हतं. आपलं गेलं, एवढ्यातच ती खूश होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू केवढी आनंदात होतीस! तुझ्या तोंडावर कसं सांगू, की तुझं नाही, माझं विकलं गेलं म्हणून?" धाकटीचा आवाज एकदम चढला. "आणि पुढं लग्न, मुलं, शाळा. राहून गेलं. आता जाऊ दे ना. कर सही. वाटा घे, मुखपृष्ठ घे, कुणाचं काय बिघडतंय? आत जाऊन खरं बोललीस तर उद्या म्हणतील, हिच्या बाकीच्या चित्रांवर तरी सही कुणाची? तुझी पहिली सगळी चित्रं संशयात येतील. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

ते खरं होतं. तिची सुरुवातीची चित्रं लोकांच्या दिवाणखान्यांत होती, दोन संग्रहालयांत होती. धाकटीच्या हातच्या सहीसकट. गप्प बसलं तर सगळं जागच्या जागी राहणार होतं. आणि खरं सांगायचं तर तिला हे चित्र स्वतःचं असायला हवं होतं. फार हवं होतं. तिला बहिणीचा इतका हेवा वाटला की क्षणभर तिच्याकडे बघवेना.

मग ती पदर खोचून आत गेली, धाकटी तिच्या मागोमाग.

"हे चित्र माझं नाही," तिनं टेबलापाशी उभं राहून सांगितलं. "माझ्या बहिणीचं आहे. सही पण तिचीच. माझ्या त्या वेळच्या सगळ्याच सह्या तिच्या हातच्या आहेत."

बाईंनी सहीचे कागद पुन्हा फाईलीत सरकवले. कॅटलॉग संध्याकाळी छापायला जायचा होता. "पण मग... तुमच्या इतर चित्रांचं काय?"

"ती माझी आहेत. कोपऱ्यात नाव कुणी लिहिलं त्यानं चित्र बदलत नाही. आणि मी धडधाकट जिवंत आहे ना? ज्याला शंका असेल त्याच्या घरी चित्रासमोर उभी राहून सांगेन, कुठला रंग आधी लावला आणि कुठं चुकले ते. आता हे बघा." तिनं वर उचललेल्या चादरीकडे बोट केलं. "असा पांढरा मला एकदाही जमलेला नाही. तुमच्याकडे माझी दुसरी चित्रं असतील तर शेजारी आणून ठेवा. आंधळ्यालाही कळेल."

बाईंनी खरोखरच एक चित्र आणवलं. ताईचे बगळे होते. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा चादरी ओल्या दिसत होत्या आणि बगळे चुन्यासारखे कोरडे.

बाई बाहेर जाऊन विकणाऱ्या मालकांशी फोनवर बोलल्या आणि बऱ्याच वेळानं परत आल्या. मालक विकायला तयार होते, किंमत खाली आली तरी. अनोळखी चित्रकर्तीला मुखपृष्ठ देता येणार नाही, पण आतल्या पानावर लहानसा फोटो छापू, असं बाई म्हणाल्या. "अर्थात तुमची परवानगी असेल तर," असं म्हणून त्या सवयीनं ताईकडे वळल्या.

"मला काय विचारता? छबी तिची, वाटाही तिचा."

धाकटीनं ताईकडे पाहिलं. ताईनं मुद्दाम छताकडे पाहिलं.

"छापा," धाकटी हळूच म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "पण मुखपृष्ठावर. आत लहान नको."

"अहो, ते शक्य नाही."

"मग नका छापू. चित्र विका, ते माझ्या हातात नाही. फोटो मात्र माझ्या हातात आहे." शिवणाच्या वर्गात मुलींना उसवून पुन्हा शिवायला लावताना तिचा हाच आवाज लागत असणार.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दुसरं मुखपृष्ठ तयार नव्हतं. त्यांनी चादरींकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि छापखान्याला फोन लावून सांगितलं की मुखपृष्ठ तेच राहील, फक्त नाव बदला.

बाहेर जिन्यावर ताईच्या तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू झाला. "लिलावाला मी जाणार. बोली लावणार. मी जितकी किंमत चढवीन तितका तुझा वाटा चढेल. ते चित्र मी दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊ देणार नाही, सांगून ठेवते. एफडी मोडेन!"

"वेड लागलंय का तुला? त्याला कशाला एवढे पैसे घालतेस? मी दुसरं काढून देते की."

ताई पायरीवरच थांबली. मागून येणारा माणूस तिच्यावर आदळता आदळता राहिला.

"काय म्हणालीस?"

धाकटीच्याही आत्ताच लक्षात आलं होतं, आपण काय बोलून गेलो ते. ती लाल झाली. पण तिनं शब्द मागं घेतला नाही.

"काढून देते म्हटलं. उद्या येताना रंग घेऊन येईन," ती म्हणाली. "तुझा तो चुना माझ्या कामाचा नाही."