उतरलेलं फडकं

मंगळवारी चिमाजीबाबाच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसे. मखमलाबादच्या पुढे, माझ्या बहिणीच्या सासरच्या वस्तीवर म्हशींची धार काढणाऱ्यांच्या हातांना फोड येत होते आणि सगळी वस्ती बाबाकडे लोटली होती. दारात त्याचा चेला हात तपासायचा. खपली काळी पडलेले आत; ताजे फोडवाले "अजून देवीचा हुकूम नाय, पुढं या" म्हणून परत. बहिणीसोबत मीही एकदा बघायला गेले. बाबाने एका बाईच्या अंगठ्याला तेलात भिजवलेलं भगवं फडकं बांधलं, डोळे फिरवले, बराच वेळ काहीतरी पुटपुटला आणि फडकं ओढलं. खपली फडक्याबरोबर बाहेर! खाली गुलाबी, कोवळी कातडी.

"बोला, कुणाचा परताप?"

"बाबांचा!" शेड दणाणली.

"हे उतरलेलं फडकं. रोगाला वळखतंय. घरी न्या, दुसऱ्याला बांधा. पण वाच्यता नाय करायची. डागदरपाशी तर मुळीच नाय. बोलला की गुण गेला!"

गुण इतका लाजाळू असतो हे मला नवीनच होतं. मी फिस्सकन हसले तशी रूपालीताईने चिमटा काढला. "तेजू, गप. सासूबाई बघतायत."

त्या सासूबाईंनी, नवसाबाईंनी, ते फडकं घरी नेलं. ताईची ओवी दोन वर्षांची, तान्ही असल्यापासून इसबाने खाजवून हैराण. नातीला आराम पडावा म्हणून त्यांनी मायेने तिच्या कोपराला ते गुंडाळलं. थोड्याच दिवसांत पोरीच्या अंगभर पाण्याचे फोड आले. ती खाजवायची आणि तेच हात डोळ्यांना चोळायची.

ओवीला ठेवलं होतं त्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा तिचा डावा डोळा उघडतच नव्हता. आठवडाभर औषधं चालू होती, उतार नव्हता. मी इंदिरानगरच्या एका ऑफिसात मेडिकल कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरांची टिपणं वाचून प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड देते. गायीम्हशींच्या सडांवरून माणसाच्या कातडीला होणाऱ्या विषाणूच्या फोडांना वेगळा कोड आहे. पण डॉक्टरांनी नुसतं 'त्वचेचा संसर्ग' लिहिलं असेल तर मला तो देता येत नाही. मनाने काही धरायचं नाही, हा आमचा पहिला नियम. त्या सवयीने ओवीचा केसपेपर वाचला. 'जनावरांशी संपर्क: नाही.'

"ताई, दारात तीन म्हशी असताना हे कुणी सांगितलं?"

"मीच."

"का?"

"बोललं की गुण जातो गं," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

मी तिला हाताला धरून ओवीवर उपचार करणाऱ्या डॉक्टर उत्तरांसमोर उभी केली. तिने म्हशींच्या सडांवरचे फोड, फडकं, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं, नमुने तपासणीला पाठवले, औषधं बदलली. ओवी वाचली. डाव्या डोळ्याला मात्र आता फक्त उजेड कळतो.

ओवी घरी आली त्यानंतरच्या मंगळवारी डॉक्टर उत्तरा आमच्याबरोबर शेडमध्ये आल्या. बाबा रंगात होता. डॉक्टरांनी गर्दीतून ताईच्या शेजारच्या सहादूला पुढे बोलावलं. त्याला काही आठवड्यांपूर्वी चेल्याने ताज्या फोडासकट परत पाठवलं होतं, हे ताईने त्यांना सांगितलं होतं.

"सहादू, नंतर काय बांधलंस?"

"कायच नाय. पाव्हण्याकडं लगीन व्हतं, यायलाच नाय जमलं." त्याने बोट वर केलं. बोट स्वच्छ होतं.

"ओवीच्या नमुन्यात निघालेला विषाणू म्हशीच्या सडांवरून हाताला लागतो," डॉक्टर म्हणाल्या. "फोड येतो, खपली धरते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप गळते. बाबा फक्त गळायला आलेली खपली निवडतात. तेलाने ती मऊ होते आणि ओढली की निघते. खपलीत विषाणू जिवंत असतो. तेच फडकं तुम्ही घरोघर फिरवलंत. इसब असलेल्या लेकराच्या अंगावर तो वणव्यासारखा पसरतो."

शेडमधले लोक आपापल्या हातांकडे बघू लागले. बाबा मात्र डगमगला नाही. त्याने ताईकडे बोट केलं. "ह्या बाईनं वाच्यता केली! देवीनं पोरीचा डोळा नेला!"

सगळ्या माना ताईकडे वळल्या. त्या नजरा मी विसरणार नाही. तेवढ्यात नवसाबाई उठल्या.

"डोळा बिघडला तव्हा ती गप व्हती, बाबा," त्या म्हणाल्या. "आठ दिस गप व्हती. तुमचं ऐकून. बोलली तव्हा कुठं पोर वाचली. फडकं म्या बांधलं. माझ्या या हातानं बांधलं."

त्या खाली बसल्या. ताई त्यांच्याजवळ गेली नाही. मीही तिला जा म्हटलं नाही.

बाबाने इथली शेड हलवली आहे. कुठे गेला ठाऊक नाही; जाईल तिथे म्हशी असतील आणि फोडही येतील. म्हणून सांगते. हाताला फोड आला तर झाकून ठेवा, साबणाने हात धुवा, लेकरांना त्या हाताने घेऊ नका. डॉक्टरकडे जा आणि गोठ्यात काय झालं, अंगाला काय बांधलं, कुणी बांधलं, सगळं बोला. बोलल्याने जाणारा गुण मुळात आलेलाच नसतो. जो गप्प बसायला सांगतो, त्याच्या हातात आपलं लेकरू देऊ नका.