लेडी रेडे

कॉलेजच्या मुलांच्या हॉकी संघाला पूर्वीपासून ‘रेडे’ म्हणत. मुलींचा संघ निघाला तेव्हा कुणा शहाण्याने त्याचं बारसं ‘लेडी रेडे’ असं केलं. मुली मैदानात उतरल्या की प्रेक्षक म्हशींसारखे रेकत. शेवटी मुली अडून बसल्या. नाव बदला, नाहीतर उद्याचा अंतिम सामना खेळत नाही.

म्हणून बैठक बसली. टेबलाभोवतीची थोबाडं बघूनच कोचबाईंनी चहाचा कप दूर सारला. जन्मात हॉकीची काठी न धरलेले एक विश्वस्त मुलींचा ‘लेडी रेडे’ शिवलेला शर्ट हातात धरून परंपरेवर बोलत सुटले होते.

“बाई, ‘लेडी’ म्हणजे मानच की,” ते म्हणाले. “पोरींचे उगाच नखरे.”

“मान होय? मग मुलांनाही द्या की थोडा,” बाई म्हणाल्या. “‘जंटलमन रेडे’. शिवून टाकू शर्टावर.”

“काहीतरीच काय! पोरांची चेष्टा होईल ना!”

बोलून गेले आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. प्राचार्य पंख्याकडे बघू लागले. बाकीच्यांनी बिस्किटांत तोंड खुपसलं.

“हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ,” विश्वस्त पुटपुटले.

दाराशी उभी असलेली कॅप्टन पुढे आली. तिने त्यांच्या हातातला शर्ट ओढून घेतला आणि ‘लेडी’ची पट्टी दातांनी उसवायला लागली.

“अगं, हे काय चाललंय?”

“तुमची बैठक चालू द्या, काका,” तोंडातला दोरा थुंकत ती म्हणाली. “रेडे उद्या खेळणार आहेत.”