मेलेल्या पार्टांचं कपाट

कंपनीने आम्हाला बारा कॉम्प्युटर दान दिले, तेव्हा फोटो काढायला चार माणसं आली होती आणि मशीन उचलायला एकही नाही. डबे चकाचक, वर कंपनीचा स्टिकर, आत मढं. मदरबोर्ड जळालेले, पंखे धुळीने गच्च, हार्ड डिस्क तर खुळखुळ्यासारख्या वाजत होत्या. भंगारात टाकायचा त्रास नको, म्हणून साहेबांना गरीब पोरं आठवली.

माझं वर्कशॉप म्हणजे गॅरेजच्या मागची एक लांबट खोली. शाळा सुटलेली, काम न लागलेली पोरंपोरी इथे येतात. आधी मशीन खोलून दुरुस्त करायचं, मग त्याच मशीनवर पुढचं शिकायचं, हा इथला नियम. आणि मेलेला पार्ट फेकायचा नाही. ज्या मशीनमधून निघाला त्याचा नंबर चिंधीवर लिहायचा, चिंधी पार्टाला बांधायची आणि तो कपाटात ठेवायचा. नव्या पोराला दुखणं ओळखायला तोच कामी येतो.

भिंगरी माझ्या बहिणीची मुलगी. एका जागी बूड टेकत नाही, म्हणून भिंगरी. ती मला मावशी म्हणते, म्हणून सगळेच म्हणतात. कंपनीच्या डब्यांत या पोरांनी दुसरीकडचे पार्ट घातले. काही बंद पडलेल्या दवाखान्यातून आले, काही भंगारवाल्याचं डोकं खाऊन मिळवले. वर्षभरात बाराही मशीन चालू झाली.

शनिवारी भिंगरीची नोकरीची परीक्षा होती, या बारांतल्याच तिच्या मशीनवर, कॅमेऱ्यासमोर. तिच्या बापाने बजावलं होतं, "ही शेवटची. जमलं नाही, तर सोमवारपासून काकाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं." भिंगरी आणि गल्ल्यावर! पिंजऱ्यात घातलेली मांजर तरी बरी.

आणि शुक्रवारी दुपारी दारात टेम्पो उभा राहिला. त्यातून फोटोतलेच साहेब उतरले.

"आमचं स्वतःचं ट्रेनिंग सेंटर उघडतंय," ते म्हणाले. "उद्या उद्घाटन. ते बारा परत लागतील. चालू झालेत म्हणे?"

आयत्या बिळावर नागोबा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दारात आडवी उभी राहिले. "दिलेलं दान परत मागताना जीभ कशी झडली नाही हो तुमची?"

"बाई, आवाज चढवू नका. स्टिकर कुणाचा आहे बघा. पोलिसांना बोलवू? आम्ही दिलेलं सगळं परत पाहिजे. एक स्क्रूसुद्धा कमी चालणार नाही."

"बोलवा पोलिसांना, मलाही बघायचंय," मी म्हणणारच होते, तेवढ्यात मागून भिंगरी म्हणाली, "मावशी, सरक. देऊन टाकू."

मला वाटलं, पोरीने हाय खाल्ली. वळून पाहिलं तर तिच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता आणि कपाटाचं दार सताड उघडं.

"साहेब बरोबर बोलतात," ती म्हणाली. "त्यांचं त्यांना. चला रे, सात नंबरचा मदरबोर्ड कुठाय?"

पोरं उठली. धडाधड झाकणं निघाली. दवाखान्याचा बोर्ड बाहेर आला, साहेबांचा जळका आत गेला. भंगारातली मेमरी बाहेर, खडखडणारी हार्ड डिस्क आत. प्रत्येक चिंधी साहेबांना वाचून दाखवली जात होती. कुणीतरी झाडूखालची धूळही आणली, पण ती मी घालू दिली नाही. आता वाटतं, घालू द्यायला हवी होती.

"अहो, हे काय करताय? चालू मशीन पाहिजेत!" साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"चालू तुम्ही दिली कुठे होती?" भिंगरीने शेवटचा स्क्रू आवळला. "सगळे स्क्रू मोजून घ्या हं, साहेब."

टेम्पोवाला गालातल्या गालात हसत डबे चढवत होता. साहेबांनी पोलिसांचं नाव पुन्हा काढलं नाही. टेम्पो गेला आणि आमच्या टेबलांवर उरली उघडी आतडी.

मग खरं काम सुरू झालं. गॅरेजवाल्याने प्लायवूडचे तुकडे दिले. पोरांनी त्यावर बोर्ड बसवले, वायरी दोऱ्याने बांधल्या. भिंगरीचं मशीन पहिलं उभं राहिलं. मी मात्र एकेक वायर ओढून बघत होते. परीक्षेत मध्येच एखादी वायर निसटली, तर पोरीचा जन्म गल्ल्यावर जायचा.

शनिवारी सकाळी चालू करायला बटण नव्हतंच, ते डब्याबरोबर गेलं होतं. भिंगरीने स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन पिनांना टेकवलं आणि पंखा फिरू लागला. आम्ही सगळे दाराबाहेर कान लावून उभे होतो. पडद्यावरच्या परीक्षक बाई म्हणाल्या, "कॅमेरा फिरवून टेबल दाखवा." भिंगरीने दाखवलं.

"हे काय आहे? वायरी कसल्या?"

"माझा कॉम्प्युटर."

"त्याला डबा नाही?"

"डबा कंपनीचा होता, मॅडम. नेला त्यांनी." भिंगरी खुर्चीत नीट सरसावून बसली. "चालतंय ते माझं आहे. पहिला प्रश्न द्या."