ब्रेकबाईंची मांडी

गावातल्या निम्म्या लोकांना गाडी कोणी शिकवली असं विचारलं, तर उत्तर एकच यायचं: ब्रेकबाईंनी. उरलेल्या निम्म्यांना भावाने नाहीतर नवऱ्याने शिकवलेलं असायचं, आणि ते त्यांच्या गाडीच्या दारांवरच्या पोच्यांवरून लांबूनही कळायचं.

बाईंचं खरं नाव त्यांच्या लायसन्सवर तेवढं उरलं होतं. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता, आणि बाईंचा पाय सदैव त्याच्यावर. विद्यार्थी शिट्टी वाजवत चालवू लागला तरी पाय काही हलायचा नाही. मग एखाद्या दिवशी, कुठल्यातरी साध्याशा वळणावर, बाईंची खात्री पटायची. त्या काहीच बोलायच्या नाहीत. चपला काढायच्या, दोन्ही पाय वर घ्यायच्या आणि चालत्या गाडीत खुशाल मांडी घालून बसायच्या.

झालं! तो विद्यार्थी पास. सरकारी परीक्षा वगैरे नंतरचे सोपस्कार. मोठमोठे लोक, एक न्यायाधीशसुद्धा, चारचौघांत अभिमानाने सांगायचे की बाईंनी मला जुन्या पुलावर मांडी घातली. मांडी एकदाच. त्यानंतर त्या माणसाच्या गाडीत बसायची वेळ आली, तर बाई सरळ मागचं दार उघडायच्या. पुढे शिकवणारा बसतो, मागे पाहुणा, असा त्यांचा हिशेब होता.

त्या मांडीचा मान दोघांनाच मिळाला नव्हता, आणि दोघेही बाईंच्या घरातले. एक त्यांचे यजमान. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. लग्नानंतर दोन धडे घेऊन त्यांनी किल्ली बायकोच्या हातात ठेवली आणि मागच्या सीटवर कायमचा मुक्काम ठोकला. दुसरी त्यांची एकुलती एक मुलगी, चिमी.

आणि ही चिमी कोण? तर प्रवासी विमानाची कॅप्टन. नुकताच तिच्या खांद्यावर चौथा पट्टा चढला होता. ढगांच्या वर भरलेलं विमान तिच्या भरवशावर, आतली माणसं तोंडं उघडी टाकून झोपलेली. तिने कॅप्टन म्हणून आईबाबांना पहिल्यांदा नेलं, तेव्हा तिची घोषणा ऐकून बाबा शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले होते. आईने उतरल्यावर पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "छान उतरवलंस. पण बाई, विमानाला समोरून सायकलवाला येत नाही."

चिमी हसली होती. पण ते वाक्य तिच्या मनात काट्यासारखं राहिलं. अठराव्या वर्षी ती आईकडेच शिकली होती, सरकारी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली होती. तरी आईचा पाय ब्रेकवरून उचलला गेला नाही. पुढे ती विमानं शिकायला गेली, स्कूल बंद झालं, ती जुनी गाडी भंगारात गेली. आता आई कोणाच्याही गाडीत चिमीच्या शेजारी बसली की तिचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. खाली पायपुसणीवर आवाज यायचा, धप्. तो धप् ऐकला की कॅप्टनबाई पुन्हा अठरा वर्षांच्या व्हायच्या.

तर आता चिमी पहिली स्वतःची गाडी घेणार होती. छोटेखानी पण ऐटदार एसयूव्ही. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी दोनच उरल्या, आणि त्यांचं बारसं बाबांनी केलं: एक पैलवान, दुसरी राणीसाहेब. पैलवान म्हणजे रुंद खांद्याची, दबून बसलेली, करडी गाडी. पाय ठेवला की गुरगुरणारी. राणीसाहेब उंच, शांत, छतभर काच, आत दिवाणखान्यासारखी ऐसपैस, आणि रंग असा हिरवा की बाबा माहितीपत्रक उशाशी घेऊन झोपायचे.

"रंगाला काय नाव दिलंय बघ, जंगल!" बाबा म्हणाले. "जंगल कसलं? हा दगडावरच्या ओल्या शेवाळाचा हिरवा आहे. हा तयार करायला मला अख्खी दुपार लागायची."

"बाबा, मला ती चालवायची आहे, भिंतीवर टांगायची नाही," चिमी म्हणाली.

तिचा जीव पैलवानावर जडला होता. पण तिला गाडीपेक्षाही एक गोष्ट हवी होती, आणि ती कुठल्याच शोरूममध्ये मिळत नव्हती. स्वतःच्या कमाईच्या स्वतःच्या गाडीत आईने एकदा पाय वर घ्यावेत. विमान कंपनीने चार पट्टे दिले, आईने एक मांडी दिली नाही. हे ती कोणाला सांगणार? लोक हसले असते.

दोन्ही शोरूम एकाच हमरस्त्यावर समोरासमोर होत्या. शनिवारी सकाळी तिघं आधी पैलवानाकडे गेली. तिथला टाय लावलेला विक्रेता मागे बाबांच्या शेजारी बसला आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. आई पुढे बसली. चिमीने गाडी रस्त्यावर काढली, आणि अहाहा! स्टिअरिंग हातात असं बसलं की जणू तिच्याच मापाने घडवलंय. सीटच्या दोन्ही कडा उचललेल्या होत्या, त्या कंबरेला घट्ट धरत होत्या. थेट कॉकपिटची आठवण आली. नदीकडच्या वळणावर गाडी रेषेवरून जरासुद्धा सरकली नाही. चिमीची छाती अभिमानाने भरून आली, आणि नेमकी तेव्हाच शेजारी चुळबुळ सुरू झाली.

आई एकदा डावीकडे सरकली, एकदा उजवीकडे. गुडघा मधल्या खोक्यावर आपटला. काहीतरी पुटपुटली. मग पुन्हा पाय खाली. चिमीने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. आई ब्रेक शोधत होती. अजूनही!

"काकू, कशी वाटली गाडी?" परत आल्यावर विक्रेत्याने विचारलं.

"गाडी चांगली आहे हो," आई गुडघा चोळत म्हणाली. "पण सीट चावते."

चिमीने विक्रेत्याला किल्ली परत दिली. रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर मात्र तिचा बांध फुटला.

"सीट नाही आई, मी चावते तुला!"

"अगं, मी कधी म्हटलं असं?"

"म्हणायला कशाला हवं? सगळ्या गावाला पास केलंस तू. तो कोपऱ्यावरचा न्हावी, ज्याला अजून गाडी मागे घेता येत नाही, त्यालासुद्धा! आणि मी काय घोडं मारलंय?"

"न्हावी पुढे छान चालवतो," आई म्हणाली. "मागे त्याने जाऊच नये."

बाबांना हसू आलं. पण लेकीचे डोळे पाहून त्यांनी ते गिळलं आणि माहितीपत्रकात तोंड खुपसलं. आई चिमीकडे क्षणभर बघत राहिली. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण ताकास तूर लागू देईल तर ती ब्रेकबाई कसली?

"चल," ती म्हणाली. "दुसरी तर दाखव."

राणीसाहेबांच्या शोरूममध्ये एक हसतमुख मुलगी होती. तिने छताची काच उघडून दाखवली, दिव्यांचे रंग बदलून दाखवले. बाबा हरखून गेले. आईने यातलं काहीच पाहिलं नाही. तिने पुढचं दार उघडलं आणि चटई विकत घ्यावी तसा त्या रुंद, सपाट सीटवर तळहात फिरवला, कडेपासून कडेपर्यंत. मग आत बसली आणि पट्टा लावला. शोरूमची मुलगी मागे बाबांच्या शेजारी बसली.

चिमी घुश्श्यातच चालवत होती. पण घुस्सा तिच्या हातापायांत उतरत नसे. तेवढं शिक्षण दोन्हीकडचं, आईचं आणि विमानाचं, पक्कं होतं. बाजारपेठ आली. एका बाजूला टेम्पो उभे, त्यातला एक मागे येऊ बघतोय. चिमीने वेग आधीच उतरवला होता. दोन टेम्पोंच्या फटीतून तिला एक हलती सावली दिसली. तिने गाडी जवळपास थांबवली, आणि त्या फटीतून एक सायकलवाला बाहेर आला. हँडलला पिशव्या, कानात गाणी, जगाची पर्वा नाही. तो गाडीसमोरून आरामात पलीकडे गेला. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

चिमी आता धप्ची वाट बघत होती. तो आलाच नाही.

गाडी पुढे निघाली. शेजारून कापडाची सळसळ झाली, मग गुडघ्याचा कट् असा आवाज, मग एक लांब सुस्कारा. मागच्या सीटवर छताच्या काचेबद्दल सुरू असलेलं बाबांचं बोलणं अर्ध्यावर तुटलं.

"अगं," ते हळूच म्हणाले. "चिमे, बघ. नाही, समोर बघ. पण बघ."

चिमीने नजर जराशी वळवली. पायपुसणीवर आईच्या चपला शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या होत्या. आणि आई सीटवर ताठ पाठीने मांडी घालून बसली होती. हात मांडीवर, नजर दुकानांच्या पाट्यांवर. रस्त्याकडे तिचं अजिबात लक्ष नव्हतं.

"काकू, पाय खाली घ्या ना," शोरूमची मुलगी घाबरून म्हणाली. "समोर एअरबॅग आहे. चालत्या गाडीत असं बसायचं नसतं."

"माहीत आहे गं मला. सिग्नलपर्यंतच. बरीच वर्षं राहून गेलं होतं."

सिग्नल लाल होता. आईने पाय खाली सोडले, चपला घातल्या. चिमीला समोरचं काही दिसेना. भर विजांच्या ढगांतून विमान नेणारी कॅप्टन बाहीने डोळे पुसत राहिली. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"हिरवा झाला," ब्रेकबाई म्हणाल्या.

शोरूमच्या आवारात गाडी लावल्यावर तिथली मुलगी कागदपत्रं आणायला आत पळाली. तिला सौदा पक्का वाटत होता, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

"इतकी वर्षं का नाही गं?" चिमीने विचारलं.

आईने पट्टा सोडला. मग म्हणाली, "दुसऱ्यांची पोरं होती तेव्हा पाय आपोआप उचलला जायचा. तुझ्या वेळी उचलवेना. चालवत तू तेव्हाही झकास होतीस. मलाच भीती वाटायची, बाळा. वाटायचं, मी पाय काढला आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर? कसली शिकवणारी मी!" तिने पदराने नाक पुसलं. "सकाळी घरातून निघतानाच ठरवलं होतं, आज घालायची. तिकडेच घालणार होते. पण त्या मेल्या पैलवानाने दोन्हीकडून असं आवळून धरलं की गुडघाच वर येईना."

चिमी बघतच राहिली. ती चुळबुळ! आई ब्रेक शोधत नव्हती. नदीकडच्या वळणावर, भर वेगात, आई मांडी घालायला धडपडत होती, आणि कॅप्टनबाई मात्र मनातल्या मनात पेटल्या होत्या. तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"मग हीच घेऊया," ती म्हणाली. "राणीसाहेब. तुला हिच्यात नीट बसता येतं."

बाबांचा चेहरा हिरव्यागार गाडीसारखा उजळला.

"काही नको," आई म्हणाली. "वळणावर तुझा चेहरा बघितला मी. लहानपणी झोका उंच गेला की असाच व्हायचा. तुझा जीव त्या पैलवानात अडकलाय, घ्यायची तर तीच घे. माझ्या मांडीसाठी गाडी घेतेस? मांडी एकदाच असते. ती झाली."

"हो, पण मग तू पुढे बसणार कशी? सीट चावते ना?"

आई नुसती हसली. बाबांनी राणीसाहेबांच्या बॉनेटवरून शेवटचा हात फिरवला, दुखवट्याला आल्यासारखा. मग त्यांचे डोळे चमकले.

"काय गं कॅप्टन," ते म्हणाले, "पैलवान हिरव्यात मिळतो का?"

मिळत होता. शेवाळी नाही, जरा गडद. बाबांनी त्याला बाटलीचा हिरवा म्हणून मान्यता दिली.

गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी टायवाल्या विक्रेत्याने चिमीच्या हातात किल्ली ठेवली आणि अदबीने आईसाठी पुढचं दार उघडलं. आई त्याच्यासमोरून तशीच पुढे गेली. तिने मागचं दार उघडलं, आत बसली, पदर सावरला.

बाबा आवारातच थबकले. मागची सीट म्हणजे त्यांचं हक्काचं ठिकाण.

"अहो, असे बघता काय? बसा पुढे," आई म्हणाली. "मी पाहुणी आहे."

बाबा पुढे बसले आणि आधी समोरची सगळी बटणं एकेक दाबून पाहिली. चिमीने आरसा नीट केला. आरशात तिची आई होती, मागच्या सीटच्या बरोबर मध्ये, निवांत. सगळ्या गावाने पाहावं म्हणून तिने मुद्दाम बाजारपेठेतला लांबचा रस्ता धरला. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने चिमीला ओळखलं, मागे बसलेल्या बाई पाहिल्या, आणि काय झालंय ते त्याला बरोब्बर कळलं. हातातला कंगवा त्याने सलामीसारखा कपाळाला लावला.

"आई, न्हावी सलाम करतोय बघ," चिमी म्हणाली.

मागून उत्तर आलं नाही. चिमीने आरशात पाहिलं. चालत्या गाडीत आयुष्यभर जिने डोळ्याला डोळा लावला नव्हता, ती ब्रेकबाई मान मागे टाकून, विमानातल्या प्रवाशांसारखं तोंड जरासं उघडं ठेवून, गाढ झोपली होती.

बाबा एका बटणाकडे हात नेत होते. चिमीने तो अलगद बाजूला केला, आणि पुढचा गतिरोधक आईला कळूही न देता ओलांडला.